शिळ्या भाकरीचा रंग

आबा,

परवा पुण्याच्या प्रदर्शनात एका बाईंनी मला विचारलं, "तुम्हाला ही प्रेरणा कुठून मिळाली?" माझ्यामागे भिंतीवर मी विणलेले आठ डोंगर टांगलेले होते. एकातही हिरवा धागा नाही, लाल नाही. बाईंनी मोबाईल माझ्या तोंडापुढे धरला होता. मी म्हणाले, "निसर्गातून." त्यांना ते आवडलं असावं, कारण त्यांनी मान डोलावली आणि त्या पुढच्या भिंतीकडे गेल्या. परतीच्या एसटीत शिरूर मागे पडलं तरी मला त्या एका शब्दाची लाज वाटत होती. खरं उत्तर लांब आहे. ते सांगायला बसलं की तुमची गोष्ट सांगावी लागते, आणि ती आपल्या घरानं कधी उंबऱ्याबाहेर जाऊ दिली नाही. तुम्ही जाऊन चोवीस वर्षं झाली. म्हणून आधी तुम्हालाच सांगते.

आपलं भिंगारचं घर दोन खोल्यांचं. पुढच्या खोलीत जमिनीतल्या खड्ड्यात पाय सोडून तुम्ही मागावर बसलेले आहात, आणि मागच्या खोलीत चुलीशेजारी आई रहाटावर कांड्या भरते आहे. कांडी म्हणजे आडवा धागा नेणाऱ्या धोट्यात बसवायची सुताची बोटभर गुंडाळी. दिवसाला किती लागायच्या ते तिलाच ठाऊक. ती एका हातानं रहाट फिरवायची, मध्येच उठून भाकरी उलटायची, पुन्हा बसायची. तिच्या बोटांना पीठ आणि सूत एकदमच लागलेलं असायचं. तुमचा माग जरा वेळ थांबला की गल्लीतल्या म्हाताऱ्या दारातून विचारायच्या, "का गं, आबा आजारी हायेत का?" भरलेल्या कांड्या आई कधी एकत्र ठेवायची नाही. हिरव्या तुमच्या उजव्या हाताला सुपात, विटकरी डाव्या हाताला पत्र्याच्या डब्यात. मला वाटायचं, सगळ्याच विणकरांच्या घरी असं असतं. शेजारच्या काकांच्या मागाजवळ मात्र सगळे रंग एकाच टोपलीत पडलेले असायचे, आणि काका गप्पा मारता मारता हवी ती कांडी उचलायचे. मी ते रोज पाहत होते. त्यातून मला काही कळलं नव्हतं.

मी अकरा वर्षांची होते तेव्हा श्रीरामपूरला मामाचं ऑपरेशन झालं आणि आई आठ दिवस तिकडे गेली. जाताना रहाट माझ्या हवाली करून तिनं दोनदा सांगितलं, "हिरव्या सुपात, विटकरी डब्यात. इसरू नको." तीन दिवस मी विसरले नाही. चौथ्या दिवशी डब्याला मुंग्या लागल्या होत्या, म्हणून सकाळी शाळेत जाण्यापूर्वी मी सगळ्याच कांड्या सुपात टाकल्या आणि गेले. शनिवार होता. दुपारी घरी आले तेव्हा तुम्ही मागावर होता, हात लयीत चालले होते. मेंदीच्या हिरव्या लुगड्यावर मधोमध वीतभर विटकरी पट्टा उमटला होता आणि तुम्ही तो पुढे विणतच होता.

"आबा, मधेच लाल का घातलं?"

तुमचे हात थांबले. तुम्ही वाकून तोंड कापडाजवळ नेलंत. मग कापडावरून तळवा फिरवलात, जणू हाताला रंग लागेल. नंतर आधी दाराकडे पाहिलंत, बाहेर कोणी आहे का म्हणून. आणि मग मला मारलंत. आयुष्यात तेवढीच एक थप्पड.

"कांड्या एकत्र कुणी टाकल्या? सांगितलेलं काम कळत न्हाई तुला?"

मी रडत रडत विचारलं, "पण तुम्हाला दिसलं नाही का?"

तुम्ही खड्ड्यातून वर आलात, टोपी घातलीत आणि निघून गेलात. शेजारच्या काकूंनी विचारलं तेव्हा मी म्हणाले, आबा चहाला गेलेत. तासाभरानं तुम्ही आलात, माझ्यासाठी पुडीत भेळ आणली होती. पुढचं दार तुम्ही भरदुपारी आतून लावून घेतलंत. मग आपण दोघं ते कापड उसवत बसलो. एकेक आडवा धागा ओढून काढायचा, पुन्हा पुढचा. दुसऱ्या दिवशीचा रविवारही त्यातच गेला. मध्येच तुम्ही हळू आवाजात विचारायचा, "हा लाल हाय?" मी हो म्हणायचे. "आणि हा?" "हा हिरवा." "बरं." दोन दिवसांत आपण एवढंच बोललो. गालाची आग केव्हाच गेली होती. तुम्ही प्रत्येक धाग्याला मला विचारत होता, त्यानं मात्र मला भीती वाटत होती. बापाला सगळं येतं, असं मला तोवर वाटायचं.

आई आली तेव्हा तिला काही सांगावं लागलं नाही. तिनं एकदा सुपाकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. चुलीपाशी बसवून म्हणाली, "तुझ्या आबांना लाल आन् हिरवं येगळं दिसत न्हाई. लगीन झाल्यावर ह्यांनी मला हिरवा चुडा म्हनून विटकरी बांगड्या आनल्या, तवा मला कळलं. तवापासून कांड्या मी लावते. व्यापाऱ्याला कळलं तर उद्या सूत बंद करील. पोटाचा प्रश्न हाय." मग तिनं माझा हात धरून टोपल्यातल्या भाकरीवर ठेवला. "कुनाला सांगायचं न्हाई." मी भाकरीवर हात ठेवून कबूल केलं. आबा, ती शपथ मी किती पाळावी, याला काही मर्यादा असायला हवी होती.

त्यानंतर बाजाराला तुम्ही मला बरोबर न्यायला लागलात. करंजीचा घाट उतरून पलीकडच्या गावांत आठवडी बाजार असायचे. तुमच्या खांद्यावर व्यापाऱ्यानं न उचललेल्या लुगड्यांचं गाठोडं, माझ्या हातात पाण्याची कळशी. एखादी बाई म्हणायची, "हिरवं दाखवा की," आणि मी गाठोड्यातून ओढून तुमच्या हातात द्यायचे. तुम्ही ते झटक्यात उलगडून म्हणायचा, "हे बघा मावशी, कैरीच जनू!" तुमचा आवाज इतका खात्रीचा असायचा की मलाही क्षणभर शंका यायची. आपली जोडी चांगली जमली होती. तेव्हा मला तो खेळ वाटायचा. तुम्हाला त्याचा किती थकवा येत असेल, हे मला त्या मे महिन्यातल्या दुपारी पहिल्यांदा दिसलं.

बाजार उठला होता. एसटी आली नव्हती. फाट्यावर एकच कडुनिंब, त्याच्या सावलीत आपण गाठोड्याला टेकून बसलो होतो. समोर डोंगरांची रांग, झाड नाही, झुडूप नाही, उन्हानं पार करपलेली. मला तहान लागली होती आणि कळशी संपली होती. तुम्ही मात्र बाजारात दिवसभर आक्रसून धरलेले खांदे सैल सोडून त्या रांगेकडे बघत होता.

"काय दिसतं तुला तिथं?" तुम्ही विचारलंत.

"काही नाही. डोंगर. वाळलाय."

"रंग कुठला?"

"मातीचा."

तुम्ही मोठ्यानं हसलात. "मातीचा! अगं, नीट बघ. ती वरची कड दिसती ना, ती शिळ्या भाकरीची. तिच्याखाली हुलग्याच्या पिठाचा पट्टा. मग राख, पन कालची राख, आजची न्हाई. तिच्या पोटात धुतलेल्या पोत्यासारखं गवत, आन् त्या गवतात मेंढरं बसलीत, पंचवीस-तीस."

मला मेंढरं दिसेनात. मी डोळे बारीक करून बघत राहिले. बऱ्याच वेळानं त्या पोत्यातला एक तुकडा उठून चालायला लागला, आणि मग सगळा कळप दिसला. तुम्हाला तो पहिल्यापासून दिसत होता. तुम्ही म्हणालात, "लोक म्हनत्यात, उजाड डोंगर. मला हितं समदं दिसतं, पोरी. समद्यांच्या आधी दिसतं. पाऊस पडून हिरवं झालं, की मग माझं काही खरं न्हाई." एसटी येईपर्यंत तुम्ही मला रंग दाखवत होता. सगळी नावं आपल्या स्वयंपाकघरातली होती. मला निम्मे रंगसुद्धा वेगळे करता आले नाहीत, पण तुमच्या शेजारी बसून मला त्या दिवशी पुन्हा वाटायला लागलं की माझ्या बापाला सगळं येतं.

त्या थंडीत तुम्ही उरलंसुरलं कोरं सूत गोळा केलंत. काही चहाच्या पाण्यात बुडवलंत, काही बाभळीच्या सालीच्या काढ्यात, काही राखेत घोळलंत, आणि व्यापाऱ्याचं काम संपल्यावर त्याच मागावर हातभर कापड विणलंत. आई म्हणाली, "हे पोतं कुनासाठी?" तुम्ही ते माझ्या हातात दिलंत. "तुला. आपला डोंगर हाय." मी बारा वर्षांची होते, आणि मला गुलाबी रिबिनी हव्या होत्या. मी त्यात शाळेची भाकरी बांधून न्यायला लागले. मुलींनी विचारलं तर सांगायचे, जुनं पोतं फाडून केलंय. धुऊन धुऊन ते विरलं, चुलीवरचं भांडं उतरवायला गेलं, मग कुठं गेलं ते आठवतही नाही. तुम्ही हे सगळं बघत होता. आज तो तुकडा माझ्याकडे असता तर मी पुण्याच्या भिंतीवर दुसरं काही लावलंच नसतं.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. यंत्रमागाची लुगडी आली, व्यापाऱ्यानं सूत थांबवलं, माग उकलला. तुम्ही एमआयडीसीत एका गोदामावर वॉचमन झालात. मी डबा घेऊन यायचे तेव्हा तुम्ही फाटकाजवळच्या खुर्चीवर बसून चांदबिबी महालाच्या डोंगराकडे बघत असायचा. आई गेली त्या वर्षीही तुम्ही तसेच बघत होता. मला वाटायचं, म्हातारा कंटाळलाय. मग एक दिवस तुम्हीही गेलात. मला तुम्ही कधी मागावर बसू दिलं नव्हतं, आणि मीही हट्ट धरला नव्हता. मी ब्लाउज शिवायचे. तुमचे जावई कारखान्यात पाळीवर जायचे. सूत, धोटा, डोंगर, काही मनात नव्हतं.

तुमचा नातू तुम्ही पाहिला नाहीत. तुम्ही गेल्यावर दोन वर्षांनी तो झाला. पाच वर्षांचा होता तेव्हाची गोष्ट. भाजीची पिशवी पुढे ओतून मी त्याला म्हणाले, "पिकलेले टोमॅटो वेगळे कर." तो मांडी घालून बसला आणि एकेक टोमॅटो अंगठ्यानं दाबून बघायला लागला. मऊ लागला की इकडे, कडक लागला की तिकडे. लालभडक टोमॅटो समोर असताना तो दाबून बघत होता. विळीवरचा माझा हात तिथंच थांबला. आठवड्यानं शाळेतून चित्र रंगवून आणलं, झाडाची पानं तपकिरी. मी म्हणाले, "छान काढलंस." बाईंनी शेरा मारला होता, पाने हिरवी असतात. मी ते पान वहीतून काढून टाकलं. कोणाला सांगितलं नाही, त्याच्या बापालाही नाही. माझा हात अजून त्या भाकरीवरच होता.

पण मला स्वस्थ बसवेना. माझ्या पोरासमोर काय दिसतंय, हे मला बघायचं होतं. शेजारच्या काकांचा माग माळ्यावर सुटा पडला होता. तो मी मागून आणला. काका थकले होते, खाटेवर बसून ओरडायचे, "पाय आधी, हात मग! तुझ्या बापाचा हात असा न्हवता!" कांड्या मला लहानपणापासून येत होत्या, विणणं चाळिशीकडे झुकल्यावर शिकले. पहिल्यांदा विणला तो आपला घाटापलीकडचा डोंगर. ठरवलं, लाल नाही, हिरवं नाही. तुम्हा दोघांना जे नीट दिसतं तेवढंच. सुताच्या लडी रंगवायला बसले तर स्वयंपाकघरच उपयोगी आलं. चहा, डाळिंबाची साल, गंजलेल्या खिळ्यांचं पाणी. लडींना नावं तुमचीच दिली. शिळ्या भाकरीचा रंग साधायला मला चार वेळा सूत फुकट घालवावं लागलं. आता लोक त्यांना कलाकृती म्हणतात. मी मात्र प्रत्येक वेळी एवढंच बघायला बसते, की माझ्या माणसांना जग कसं दिसतं.

आणि तरी, आबा, ज्याच्यासाठी हे सुरू केलं त्याला मी काही सांगितलं नाही. त्याला रेल्वेत इंजिन चालवायचं होतं. नगरच्या अभ्यासिकेत दोन वर्षं बसला. सिग्नल लाल असतो, हिरवा असतो, हे मला कळत नव्हतं असं नाही. रोज सकाळी वाटायचं, आज सांगू. आणि तोंडातून निघायचं, "डबा घेतलास का?" कधी वाटायचं, तुमच्यासारखं त्याचंही निभावून जाईल, कधी वाटायचं, नापास होईल आणि विषय मिटेल. पोरगा लेखी परीक्षा पास झाला. गल्लीत पेढे वाटले. मग मेडिकल झाली.

तो आला आणि बूट न काढता उंबऱ्यावर बसला. "आई, ठिपक्यांचं एक पुस्तक असतं. प्रत्येक पानावर आकडा आहे म्हणतात. मला पहिल्या पानाशिवाय कुठंच दिसला नाही." थोड्या वेळानं म्हणाला, "डॉक्टर म्हणाले, जन्मापासूनचं आहे. आईकडून येतं."

मी त्याच्याशेजारी बसले आणि तुमची गोष्ट सांगितली. सूप, डबा, वीतभर विटकरी पट्टा, सगळं. घराबाहेर गेली नाही, पण उंबऱ्यापर्यंत तरी आली. त्यानं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग विचारलं, "माझं तुला कधी कळलं?"

मी म्हणाले, "आत्ता. तू सांगितल्यावर."

त्यानं विश्वास ठेवला. महिनाभर तो फारसा कोणाशी बोलला नाही. पुस्तकं बांधून माळ्यावर टाकली. एका दुपारी मी विणत होते, तो पाणी प्यायला आला आणि माझ्या मागे थांबला. "आई, हे चुकलंय."

"काय चुकलंय?"

"हे दोन पट्टे तू एकच समजून विणलेत. एक नाहीत. हा जरा मेलेला आहे."

दोन्ही लडी मी दारात उन्हात नेऊन पाहिल्या. मला फरक दिसेना. तो हसला, महिन्यात पहिल्यांदा. "खरंच दिसत नाही तुला? चल, दाखवतो." मोटरसायकलवर मागे बसवून त्यानं मला करंजीच्या घाटात नेलं. मेचं ऊन होतं. एका वळणावर गाडी लावून तो मला डोंगर वाचून दाखवायला लागला. त्याची नावं वेगळी. खोक्याचा पुठ्ठा. मोबाईलचं पिवळं पडलेलं कव्हर. सायलेन्सरवर बसलेली धूळ. "आणि तिथून पायवाट वर गेलीय, दिसली?" मला दिसली नाही. मी हो म्हणाले. तो बोलत राहिला आणि मी त्याच्या तोंडाकडे बघत राहिले. त्या वेळी तुम्ही हवे होता. तुम्हा दोघांचं पटलं असतं, किंवा रंगांच्या नावांवरून कडाक्याचं भांडण तरी झालं असतं.

आता तो ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात कामाला जातो आणि रविवारी माझ्या लडी लावून देतो. आठांपैकी तीन डोंगर त्याच्या डोळ्यांनी विणलेत. त्यांच्या पाटीवर माझ्या नावाशेजारी त्याचं नाव आहे. सगळं छान झालं असं लिहिणार नाही. मागच्या आठवड्यात स्टेशनजवळून जाताना गाडीची शिट्टी वाजली आणि तो बोलता बोलता गप्प झाला, तो घरी येईपर्यंत.

त्याला अजून वाटतं की मला त्याच दिवशी कळलं. टोमॅटोची गोष्ट त्याला माहीत नाही, वहीतून काढलेलं पान माहीत नाही. वेळेवर सांगितलं असतं तर त्याची दोन वर्षं वाचली असती, कदाचित त्यानं वेगळं काही मनात धरलं असतं. तुम्हाला हे एवढं सविस्तर लिहिता आलं, कारण तुम्ही उलटून काही विचारणार नाही. खरं तर हे पत्र त्याला लिहायला हवं होतं. तो आत्ताच कामावरून आलाय. दारातून विचारलं, "आई, काय लिहितेस एवढं?"

मी वहीवर हात ठेवून म्हणाले, "काही नाही रे. वाणसामानाची यादी."